पार्टिशन की भिंत?

माझ्या गर्भाशयाला दीड वर्षात तीन नावं मिळाली. आधी आर्क्युएट, मग बायकॉर्न्युएट आणि शेवटी सेप्टेट. बारशाला बाळालासुद्धा एवढी नावं ठेवत नाहीत! प्रत्येक रिपोर्टवर नवं नाव, खाली नवी सही आणि पुढे नवा सल्ला. बरं, या दीड वर्षात माझं गर्भाशय होतं तस्संच होतं. मी आईच्या पोटात असताना ते ज्या आकाराचं झालं, त्याच आकाराचं. बदलत होतं ते त्याच्याकडे बघणारं यंत्र, आणि यंत्राकडे बघणारा माणूस.

हे जड जड शब्द बघून पान उलटू नका, प्लीज. दोनदा-तीनदा मिसकॅरेज झालेली आणि ‘तुमच्या पिशवीचा आकारच वेगळा आहे’ एवढं एकच वाक्य ऐकून घरी परतलेली एखादी मैत्रीण तुमच्याही कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये असणार. तिने तुम्हाला सांगितलं नसेल, एवढंच.

मी राहते बदलापूरला, शिरगावात. मास कॉमची डिग्री, तीन वर्षं एका डेस्कवर नोकरी आणि आता फ्रीलान्सिंग. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस घरी लॅपटॉपपुढे आणि उरलेले दिवस लोकलमध्ये. नवरा ऐरोलीला जातो. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. लग्नाला चार वर्षं झाली. पहिली दोन वर्षं ‘आधी सेटल होऊ’ या सर्वमान्य फंड्यात गेली. मग दिवस गेले, आणि आठव्या आठवड्यात सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडून हळूच पलीकडे वळवला. ठोके नव्हते.

पहिल्या वेळी सगळे एकच बोलतात. होतं असं. खूप जणींचं होतं. आणि ते खरंही आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ गळणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास वेळी गर्भातच गुणसूत्रांची गडबड असते, आईच्या पिशवीचा काही संबंध नसतो. मी हे वाचलं, पटवून घेतलं, क्युरेटिंगनंतर पाचव्या दिवशी एक कॉपी पाठवून दिली आणि कामाला लागले. दुसऱ्या वेळी दहावा आठवडा होता. त्या वेळच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये, शेवटून दुसऱ्या ओळीत, एक प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे ‘आर्क्युएट’ असं लिहिलेलं होतं. कोणी काही बोललं नाही. प्रश्नचिन्हाला उत्तर द्यायचं असतं, असं बहुतेक फक्त पेपर तपासणाऱ्यांनाच वाटत असावं.

दुसऱ्यांदा तेच झाल्यावर मात्र तपासण्यांची रांग लागली. थायरॉइड, शुगर, रक्त गोठण्याच्या टेस्ट, दोघांची गुणसूत्रं. सगळं व्यवस्थित. उरली एचएसजी. आपल्याकडे तिला ‘नळ्यांचा एक्स-रे’ म्हणतात. पाळी संपल्यानंतरच्या दोन-चार दिवसांत गर्भाशयाच्या तोंडातून आत रंग सोडतात आणि एक्स-रे काढतात. दुखतं. ‘थोडंसं क्रॅम्पसारखं होईल’ असं जी व्यक्ती सांगते ती बहुधा पुरुष असते. फिल्म हातात आली तेव्हा मी ती खिडकीच्या उजेडात धरली. मधे काळं, दोन्ही बाजूंना पांढरी दोन टोकं. अगदी सशाच्या कानांसारखी. खाली लिहिलं होतं, बायकॉर्न्युएट यूटेरस. बाय म्हणजे दोन, कॉर्नू म्हणजे लॅटिनमध्ये शिंग. दोन शिंगांची पिशवी! सशाला शिंगं नसतात म्हणे. मला होती.

एक रिपोर्ट, दोन सल्ले

तीच फिल्म घेऊन मी दोन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी सांगितलं, पोट उघडून ऑपरेशन करावं लागेल. पिशवी वरून कापायची, दोन्ही शिंगं जोडायची, शिवायची, मग काही महिने थांबायचं. पुढे बाळ राहिलं तर सिझेरियनच. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, ऑपरेशनच्या फंदात पडूच नका, पुन्हा दिवस गेले की पिशवीच्या तोंडाला टाका घालू, बघू काय होतं ते. दोन्ही डॉक्टर आत्मविश्वासाने बोलले. दोघांनीही फिल्म जेमतेम दहा सेकंद बघितली. आणि दोघांपैकी एकानेही ‘हे बायकॉर्न्युएटच आहे का?’ हा प्रश्न विचारला नाही. रिपोर्टवर टाइप केलंय म्हटल्यावर ते असणारच, नाही का?

मला या पेशाने एक वाईट खोड लावली आहे. बातमी आली की सोर्स विचारायचा. कामाच्या निमित्ताने ओळख झालेल्या एका रेडिओलॉजिस्टना मी फिल्मचा फोटो पाठवला आणि लिहिलं, ‘हे नक्की काय आहे?’ त्यांचं उत्तर आलं ते असं : ‘यावरून सांगता येत नाही. कोणालाच येणार नाही.’

तीन महिन्यांत ऐकलेलं ते पहिलं वाक्य होतं जे ऐकून मला जाम बरं वाटलं.

आता का सांगता येत नाही, ते जरा नीट सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. आईच्या पोटात असताना मुलीच्या गर्भात दोन बारीक नळ्या तयार होतात, एक डावी, एक उजवी. त्यांना म्युलेरियन नळ्या म्हणतात. योहानेस म्युलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३० साली त्यांचं वर्णन केलं म्हणून हे नाव. या नळ्या खाली उतरत उतरत मध्ये एकमेकींना भेटतात आणि जुळतात. जुळल्यावर दोघींच्या मधे एक पडदा उरतो, तो हळूहळू विरघळतो, आणि साधारण पाचव्या महिन्यापर्यंत आत एकच मोकळी पोकळी तयार होते. वरची न जुळलेली टोकं म्हणजे बीजवाहिन्या. एवढं सगळं व्हायला हवं म्हटल्यावर कुठेतरी काहीतरी राहून जाणारच. एक नळी झालीच नाही तर एका शिंगाची पिशवी, युनिकॉर्न्युएट. दोन्ही झाल्या पण अजिबात जुळल्या नाहीत तर दोन स्वतंत्र पिशव्या. अर्धवट जुळल्या तर बायकॉर्न्युएट, म्हणजे बाहेरूनही वर खाच. आणि नीट जुळल्या, पण मधला पडदाच विरघळायचा राहिला, तर सेप्टेट. बाहेरून एकदम व्यवस्थित, आत पडदा.

बदलापूरकरांसाठी सोपं करून सांगते. आमच्याकडे कात्रपपासून शिरगावपर्यंत जिथे बघाल तिथे बिल्डिंगच उभी राहतेय, त्यामुळे उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. समजा तुम्ही एका खोलीत उभे आहात आणि समोर भिंत आहे. ही भिंत म्हणजे एका मोठ्या हॉलमधलं पार्टिशन असू शकतं. किंवा ती बिल्डिंगची बाहेरची भिंतही असू शकते, जिच्या पलीकडे मोकळी हवा आणि त्याही पलीकडे दुसरी विंग. आतून दोन्ही सारखंच दिसतं. तोच गिलावा, तोच रंग. सांगायचं कसं? खाली उतरून, रस्त्यावर जाऊन बिल्डिंग बाहेरून बघायची! एचएसजी फक्त आतली पोकळी दाखवते. बाहेरचा आकार तिला दिसतच नाही. त्यामुळे पडदा असो की दोन शिंगं, फिल्मवर तेच सशाचे कान.

आणि फरक केवढा पडतो बघा. पार्टिशन असेल तर ते आतून, दुर्बिणीने, पोटाला एकही छेद न देता कापता येतं, बऱ्याचदा संध्याकाळी घरी. पण पार्टिशन समजून कोणी बाहेरच्या भिंतीवर हातोडा चालवला, तर पिशवीला आरपार भोक. उलट बाहेरची भिंत समजून पार्टिशनसाठी पोट उघडलं, तर ज्या बाईला छेदाची गरज नव्हती तिच्या गर्भाशयावर कायमचा व्रण. माझ्यासमोर या दुसऱ्या ऑपरेशनची तारीख ठरवण्यापर्यंत गोष्ट आली होती.

१९८९ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. नुसत्या एचएसजीवरून पडदा की दोन शिंगं हे ओळखायचं. बरोबर उत्तरं किती? ५५ टक्के. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढीच आली असती! सोनोग्राफीची जोड दिल्यावर हाच आकडा ९० टक्क्यांवर गेला. हा अभ्यास माझ्या जन्माआधीचा आहे. आणि मी खिडकीत उभी राहून सशाचे कान बघत होते.

साध्या सोनोग्राफीलाही मर्यादा आहेत. टू-डीमध्ये पिशवीचे उभे आणि आडवे काप दिसतात, पण समोरून बघितल्यावर जो आकार दिसेल, तो उलट्या पेअरचा आकार, तो काप सहसा मिळत नाही. प्रोब त्या कोनात फिरवायला जागाच नसते. थ्री-डीमध्ये यंत्र अख्खं घनाकृती चित्र साठवून घेतं आणि मग संगणकावर हवा तो काप काढता येतो. आत काय आणि बाहेर काय, दोन्ही एकाच चित्रात. वारंवार गर्भपात होणाऱ्या प्रत्येकीच्या गर्भाशयाची रचना तपासावी आणि त्यासाठी आतून केलेल्या थ्री-डी सोनोग्राफीला पसंती द्यावी, असं युरोपमधल्या वंध्यत्व तज्ज्ञांची संघटना एश्रे आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगते. काही वेळा एमआरआय लागतो. एके काळी तर एका दुर्बिणीने आतून आणि दुसरीने पोटातून बघणं हाच खात्रीचा उपाय होता. मुद्दा एकच, बाहेरून बघितल्याशिवाय नाव ठेवायचं नाही.

‘दोष’ आणि फोर्थ सीट

मधल्या काळात मी लोकलने जात-येत होतेच. आमच्या लेडीज डब्यातला ग्रुप म्हणजे चालतंबोलतं महिला मंडळ. गवारीच्या शेंगा मोडता मोडता जगातला कुठलाही प्रश्न सुटतो. फोर्थ सीटवर अर्धवट टेकलेली असताना मी एकदा सांगून टाकलं, पिशवीचा आकार वेगळा आहे म्हणून. क्षणभर शेंगा मोडणं थांबलं. मग एक काकू हळूच म्हणाल्या, ‘म्हणजे दोष आहे का गं जन्माचा?’

बोलल्या मायेनेच. पण हा ‘दोष’ शब्द कुंडलीतून थेट पोटात उतरलेला आहे. नळीचा पडदा विरघळला नाही याला ना माझी पत्रिका जबाबदार, ना आईने गरोदरपणात काय खाल्लं ते. आणि दुर्मीळ म्हणावं तर तसंही नाही. २०११ साली जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा सांगते : सरसकट बायकांमध्ये साडेपाच टक्के जणींच्या गर्भाशयाची घडण वेगळी असते. यातल्या बऱ्याच जणींना फक्त वर किंचित कमान असते, तिचा काही त्रासही नसतो. गर्भपात झालेल्या बायकांमध्ये हाच आकडा तेरा टक्क्यांच्या वर जातो. सकाळच्या गर्दीत आमच्या डब्यात किती जणी उभ्या असतात, त्याचा हिशेब तुम्हीच करा. त्यातल्या बहुतेकींना कधी कळणारही नाही. मुलं होतील, मोठी होतील, विषय संपला.

पण काही जणींना कळतं, आणि फार वाईट पद्धतीने कळतं. ज्या मुलींमध्ये म्युलेरियन नळ्यांची वाढच होत नाही, त्यांना गर्भाशयच नसतं किंवा अगदी नाममात्र असतं. साधारण साडेचार-पाच हजार मुलींमागे एक. या प्रकाराला चार डॉक्टरांच्या नावांची आद्याक्षरं मिळून एमआरकेएच म्हणतात. गंमत अशी की बीजकोश या नळ्यांपासून बनत नाहीत, त्यामुळे ते व्यवस्थित असतात. मुलगी वयात येते, अंगाने भरते, सगळं मैत्रिणींसारखंच. फक्त पाळी येत नाही. मग घरात कुजबुज, हॉर्मोनच्या गोळ्या, ‘येईल, उशिरा येते काहींना’. खरं नाव कळेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि कधीकधी ते कळतं लग्नानंतर.

पुण्याच्या गॅलेक्सी केअर हॉस्पिटलची बातमी तुम्हाला आठवत असेल. १८ मे २०१७ रोजी डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या टीमने भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं, ते सोलापूरच्या २१ वर्षांच्या तरुणीवर. तिला जन्मतःच गर्भाशय नव्हतं. तिच्या आईने आपलं दिलं. ज्या पिशवीत ती स्वतः वाढली, तीच! दुसऱ्याच दिवशी गुजरातमधल्या एका महिलेवर अशीच शस्त्रक्रिया झाली, तिलाही आईनेच गर्भाशय दिलं होतं, आणि १८ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात तिला मुलगी झाली. स्वीडनमध्ये जगातलं असं पहिलं बाळ २०१४ साली जन्मलं होतं. त्या दिवसांत सगळ्या चॅनल्सवर ऑपरेशनच्या तासांची चर्चा होती. मी तेव्हा कॉलेजात होते आणि आमच्या न्यूज रायटिंगच्या वर्गात या बातमीचा इंट्रो लिहायला दिला होता. सगळ्यांनी ‘वैद्यकीय चमत्कार’ लिहिलं. आता वाटतं, त्या सोलापूरच्या मुलीला ‘तुझं नेमकं असं असं आहे’ हे पहिल्यांदा स्वच्छ शब्दांत कोणी, कधी, कुठे सांगितलं असेल? ती बातमी कोणी केली नाही.

काळोखी खोली

थ्री-डीसाठी मी मुंबईला गेले. माझ्यासारख्या केसेस रोज बघणारं कोणीतरी हवं होतं आणि त्या रेडिओलॉजिस्टनी एक नाव सुचवलं होतं. त्यांनी तारीखही नीट हिशेब करून दिली. एचएसजी पाळीनंतर लगेच करतात, पण थ्री-डी पाळीच्या चक्राच्या दुसऱ्या अर्ध्यात केलेली बरी. तेव्हा आतलं अस्तर जाड होतं आणि स्क्रीनवर पांढरं ठळक उठून दिसतं, त्यामुळे पोकळीच्या कडा स्वच्छ कळतात. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. तारीख म्हणजे रिसेप्शनवरच्या रजिस्टरमध्ये जिथे जागा असेल ती, असाच आजवरचा अनुभव.

वेटिंग रूममध्ये तो नेहमीचा बोर्ड होता, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. १९८८ साली असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. देशाचा कायदा १९९४चा. सोनोग्राफीची यंत्रं आपल्याकडे कशासाठी वापरली गेली याचा तो बोर्ड म्हणजे कबुलीजबाबच आहे. दोनदा त्या बोर्डाखाली मी पोटात बाळ घेऊन बसले होते. या वेळी पोटात काही नव्हतं, तरी तळवे गारच पडले होते.

आतून सोनोग्राफी. एसी फुल्ल. डॉक्टर बाईंनी आधी माझे जुने रिपोर्ट बाजूला ठेवले. ‘हे नंतर वाचते. आधी मला बघू दे.’ दहा-बारा मिनिटं त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त बटणांचे आवाज. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. हो, माझ्याकडे!

करड्या रंगाच्या स्क्रीनवर एक पांढरा बदाम दिसत होता. पत्त्यातला बदाम असतो तसा, वर मध्ये खोल खाच असलेला. ती खाच आतली. आणि त्या बदामाच्या वरून, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, करड्या मांसल भिंतीची कड गेली होती. सपाट. किंचित फुगीर म्हणा हवं तर. तिच्यात कुठेही खाच नव्हती. ‘बाहेरून काही नाही,’ त्या म्हणाल्या, ‘हा पडदा आहे.’ मग त्यांनी माऊसने दोन टिंबं ठेवली, रेघ ओढली. पडद्याची लांबी १८ मिलिमीटर. कोन ७० अंश. दोन्ही आकडे त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले.

मोजमापाचं एवढं महत्त्व का, तर इथेही भानगड आहे. १९८८च्या अमेरिकन वर्गीकरणात चित्रं होती, मोजपट्टी नव्हती. ज्याला जसं दिसेल तसं. २०१३ साली युरोपवाल्यांनी आकडे ठरवले. २०१६ साली अमेरिकेने वेगळे ठरवले : पडदा दीड सेंटिमीटरपेक्षा लांब आणि कोन ९० अंशांपेक्षा कमी असेल तरच सेप्टेट. २०२१ साली ती मर्यादा एक सेंटिमीटरवर आणली. म्हणजे बारा मिलिमीटरवाली बाई २०१६च्या अमेरिकन पट्टीवर ना धड नॉर्मल ना धड सेप्टेट, आणि २०२१मध्ये एकदम सेप्टेट! घरबसल्या, काही न करता. माझे १८ मिलिमीटर सगळ्याच पट्ट्यांवर एकाच बाजूला पडले, हे माझं नशीब.

‘किडन्या बघितल्यात का कोणी?’ त्यांनी विचारलं. कोणी मुद्दाम बघितल्या नव्हत्या. गर्भात मूत्रपिंडं आणि या नळ्या शेजारी शेजारी तयार होतात, त्यामुळे एक बाजू बिघडली तर दुसरीवर परिणाम झालेला असू शकतो. एका शिंगाच्या पिशवीत तर त्या बाजूची किडनी नसण्याचं प्रमाण बरंच असतं. माझ्यासारख्या पडद्याच्या केसमध्ये शक्यता कमी, पण बघायला दोन मिनिटं लागतात. त्यांनी बघितल्या. दोन्ही जागच्या जागी होत्या. रिपोर्टमध्ये यावेळी प्रश्नचिन्ह नव्हतं. आकडे होते, फोटो होता, बाहेरच्या कडेबद्दल एक स्वतंत्र वाक्य होतं. असं वाक्य तुमच्या रिपोर्टमध्ये आहे का, ते आज कपाटातून फाइल काढून बघाच.

कापायचं की नाही?

इथे गोष्ट संपायला हवी होती. नाव कळलं, आता पडदा कापा, बाळ येईल. पण नव्या डॉक्टरांनी मला अजून एक गोष्ट सांगितली, आणि त्याबद्दल मी त्यांना मनापासून मानते. नेदरलँड्सच्या पुढाकाराने, आणखी तीन देशांना सोबत घेऊन, एक प्रयोग झाला. पडदा असलेल्या ८० बायका, काहींचा पडदा कापला, काहींचा तसाच ठेवला, कोणाचा काय ते चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं. एवढ्याशा बायका जमवायला २०१० ते २०१८ अशी आठ वर्षं लागली. २०२१ साली निकाल छापून आला : कापलेल्यांपैकी ३१ टक्के जणींना मूल झालं, न कापलेल्यांपैकी ३५ टक्के जणींना. म्हणजे कापून काही फायदा दिसला नाही. त्याआधीचे बरेच अभ्यास मात्र कापल्यानंतर गर्भपात कमी होतात असं सांगतात, पण त्यात चिठ्ठी टाकलेली नव्हती. ८० हा आकडा लहान आहे, असं काही तज्ज्ञ म्हणतात. दोन्ही बाजूंना दम आहे.

मला क्षणभर सॉलिड राग आला. दीड वर्ष धावून खरं नाव मिळवलं, आणि आता म्हणे त्या नावाचं करायचं काय ते नक्की नाही! पण घरी येताना, कल्याणनंतर गाडी जरा रिकामी झाल्यावर, राग उतरला. आधी मला दोन ऑपरेशनांचे सल्ले होते आणि दोन्ही माझ्या नसलेल्या आजारासाठी. आता निदान प्रश्न तरी माझा होता.

आम्ही दोघांनी महिनाभर वाद घातला. नवऱ्याचं म्हणणं, न कापता एकदा अजून प्रयत्न करू. माझं म्हणणं, तिसऱ्या वेळी तो स्क्रीन पलीकडे वळलेला मी बघू शकत नाही. आकडे दोघांकडे होते, पण शेवटी आकड्यांवर ठरलं नाही. झोपेच्या गोळ्या न घेता झोप लागेल असा पर्याय कोणता, यावर ठरलं. दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे. दुर्बिणीतून, कात्रीने, आणि आतून कापत असताना बाहेरून सोनोग्राफीने नजर ठेवणार.

राहिल्या सासूबाई. त्यांना मी महावितरणच्या बिलामागे चित्र काढून दाखवलं. पेअर, मधला पडदा, बाहेरची कड. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं. शिरगावात चाळ होती तेव्हापासून राहतात, रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा त्यांनी घालवलेल्या आहेत, त्यामुळे प्लॅन वाचता येतो.

‘म्हणजे पार्टिशन काढून हॉल करायचा,’ त्या म्हणाल्या.

‘हो.’

‘आणि एक माणूस बाहेरून बघत राहणार, गच्चीवर भोक पडत नाही ना ते.’

‘हो, आई.’

‘मग आधीचा तो पोट फाडायला का निघाला होता?’

मी सांगितलं, त्याने बाहेरून बघितलंच नव्हतं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग बिल घडी घालून देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, भरायची तारीख अजून गेलेली नव्हती म्हणून, आणि म्हणाल्या, येताना रिक्षाने यायचं नाही, स्टेशनपासून शिरगावपर्यंत नुसते खड्डे आहेत, गाडी करा.